समर कॅम्पमुळे मुलांना नेमका काय फायदा होतो? आणि तो प्रत्येक कॅम्पमध्ये का मिळत नाही?

एप्रिल उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडायला लागतात. ‘वय ५ ते १४, दहा दिवस, पंचवीस ॲक्टिव्हिटीज, शेवटच्या काही जागा शिल्लक!’ खाली रोबोटिक्स, वैदिक गणित, झुंबा, कॅलिग्राफी, पब्लिक स्पीकिंग अशी लांबलचक यादी. सोबत हसऱ्या मुलांचे फोटो आणि पैसे भरायला क्यूआर कोड.

त्याच वेळी घरात काय चालू असतं? परीक्षा संपलेली आहे. आई-बाबा दोघंही कामावर. आजी-आजोबांना दिवसभर मुलांच्या मागे पळणं झेपत नाही. मामाच्या गावाला पाठवावं म्हटलं, तर मामाच शहरात वन बीएचकेमध्ये राहतो. आणि मुलगा सकाळपासून मोबाईल घेऊन सोफ्यावर लोळतोय. मग फार विचार न करता फी भरली जाते.

दहा दिवसांनी मुलगा एक सर्टिफिकेट आणि एक रंगवलेली पणती घेऊन घरी येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोफा, पुन्हा मोबाईल. मग प्रश्न पडतो, यातून मिळालं काय?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर समर कॅम्पचा मुलांना फायदा होतो आणि त्यावर संशोधनही झालंय. पण तो फायदा पत्रकावरच्या त्या लांब यादीमुळे होत नाही. घरापासून थोडं दूर राहणं, अनोळखी मुलांमध्ये मिसळणं, मोकळ्या हवेत हुंदडणं आणि काही काळ स्क्रीन बंद असणं, या चार गोष्टींमुळे तो होतो. ज्या कॅम्पमध्ये या चार गोष्टी नाहीत, तो कॅम्प म्हणजे सुट्टीत भरवलेली आणखी एक शाळा. हे नीट समजून घेऊया.

मुळात समर कॅम्पची कल्पना आली कुठून?

अमेरिकेत पहिल्या समर कॅम्पचं श्रेय सहसा फ्रेडरिक गन या शिक्षकाला दिलं जातं. त्याची कनेक्टिकट राज्यात निवासी शाळा होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं होतं आणि शाळेतल्या मुलांनाही सैनिकांसारखं तंबूत राहायचं होतं. गन यांनी मुलांना चालत समुद्रकिनाऱ्यावर नेलं आणि तिथे सुमारे दोन आठवडे मुक्काम केला. होड्या चालवणं, मासे पकडणं, पोहणं असा सगळा कार्यक्रम होता. मुलांना तो इतका आवडला की पुढेही हे मुक्काम होत राहिले.

त्यानंतरच्या काही दशकांत अमेरिकेतली शहरं झपाट्याने वाढली. शहरातली मुलं चार भिंतींत अडकलीत, त्यांना निसर्गात न्यायला हवं, असं पालकांना आणि शिक्षकांना वाटू लागलं आणि कॅम्पची संख्या वाढत गेली.

दुसरा महत्त्वाचा टप्पा इंग्लंडमधला. ऑगस्ट १९०७ मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांचा कॅम्प घेतला. स्काउट चळवळीची सुरुवात इथूनच मानली जाते. या कॅम्पमध्ये श्रीमंत घरातली मुलं आणि कामगारांची मुलं एकत्र होती. मुलांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाचा म्होरक्या मुलांपैकीच एक होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये श्रीमंत आणि गरीब मुलांनी एका तंबूत झोपणं ही साधी गोष्ट नव्हती.

आपल्याकडे ‘शिबिर’ हा शब्द जुनाच आहे

महाराष्ट्राला हे सगळं अगदी नवीन नाही. राष्ट्र सेवा दलाची स्थापना १९४१ ची. दलाच्या शिबिरांमध्ये खेळ, गाणी, श्रमदान आणि वेगवेगळ्या जातीधर्मांच्या मुलांनी एकत्र राहणं हे सगळं होतं. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संस्था उभी राहिली आणि तंबू, शेकोटी, दोरीच्या गाठी शाळांपर्यंत पोहोचल्या.

नाटकाच्या शिबिरांची परंपराही मोठी आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘मधुमंजिरी’ या नाटकाने बालरंगभूमीचं काम सुरू केलं आणि मुलांसाठीचं नाटक गांभीर्याने करायची गोष्ट आहे, हे दाखवून दिलं. पुण्यात सारसबागेजवळचं गरवारे बालभवन १९८५ पासून मुलांना मोकळेपणाने खेळायला जागा देतंय.

म्हणजे ‘समर कॅम्प’ हे नाव नवं असलं, तरी मुलांनी सुट्टीत घराबाहेर पडून चार मुलांमध्ये मिसळावं, हा विचार आपल्याकडे आधीपासून आहे. बदललं ते इतकंच की पूर्वी हे काम मामाचं गाव, वाडा आणि चाळ फुकटात करत होती. आता त्याची फी भरावी लागते.

फायदा पहिला : स्वतःचं स्वतः करता येणं

घरी पाण्याची बाटली कोण भरतं? ओला टॉवेल कोण वाळत घालतं? हरवलेला मोजा कोण शोधतं? बहुतेक घरांत उत्तर एकच असतं, आई.

निवासी कॅम्पमध्ये आई नसते. अंथरूण स्वतः घडी करायचं, ताट स्वतः घासायचं, बॅग स्वतः भरायची. जेवणात न आवडणारी भाजी आली तर काय करायचं, हेही स्वतःच ठरवायचं. मोठ्यांना या गोष्टी किरकोळ वाटतात. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ‘हे मला जमलं’ असं वाटण्यासाठी अशाच किरकोळ गोष्टी लागतात.

अमेरिकन कॅम्प असोसिएशनने २००५ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ८० कॅम्पमधल्या ५,००० हून जास्त कुटुंबांची पाहणी होती. कॅम्पनंतर मुलांचा आत्मविश्वास, स्वावलंबन, मैत्री करण्याची क्षमता आणि नवीन गोष्ट करून बघण्याची तयारी वाढल्याचं त्यात दिसलं. मात्र हा अभ्यास कॅम्पवाल्यांच्याच संघटनेचा आहे आणि तो मुलांनी आणि पालकांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आधारलेला आहे. त्यामुळे त्याला शेवटचा शब्द मानायचं कारण नाही.

फायदा दुसरा : समोरच्याचा चेहरा वाचता येणं

हा अभ्यास मोबाईलने त्रासलेल्या प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संशोधकांनी सहावीतली ५१ मुलं निवडली. ही मुलं पाच दिवस निसर्गातल्या एका कॅम्पमध्ये राहिली. तिथे फोन, टीव्ही, कॉम्प्युटर काहीच नव्हतं. त्याच शाळेतली ५४ मुलं घरी नेहमीसारखी राहिली. २०१४ मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पाच दिवसांच्या आधी आणि नंतर दोन्ही गटांची चाचणी झाली. चेहऱ्यांचे फोटो दाखवून ‘या माणसाला काय वाटतंय?’ असं विचारलं गेलं. आवाज बंद केलेले व्हिडिओ दाखवून त्यातल्या माणसांच्या भावना ओळखायला सांगितलं गेलं. कॅम्पला गेलेल्या मुलांमध्ये घरी राहिलेल्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली.

हे स्क्रीन बंद केल्यामुळे झालं, की दिवसभर मुलांसोबत राहिल्यामुळे, की निसर्गामुळे? हा अभ्यास ते वेगळं करून सांगू शकत नाही. मुलांची संख्याही कमी आहे. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मैत्रिणीचा पडलेला चेहरा, मित्राच्या आवाजातला राग, ‘चालेल’ म्हणताना कुणाचं मन नसणं, हे ओळखायला मुलं समोरासमोर राहूनच शिकतात. आणि त्यासाठी वर्षानुवर्षं लागतातच असं नाही, पाच दिवसांतही फरक दिसू शकतो.

फायदा तिसरा : न आवडणाऱ्या मुलांशीही जुळवून घेणं

इथे एक गाजलेली गोष्ट सांगायला हवी. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात ११ वर्षांच्या आसपासची २२ मुलं कॅम्पला आली. कॅम्प चालवणारे प्रत्यक्षात मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचे प्रमुख होते मुझफ्फर शेरीफ.

मुलांचे दोन गट केले. एका गटाने स्वतःचं नाव ठेवलं ‘ईगल्स’, दुसऱ्याने ‘रॅटलर्स’. आधी दोन्ही गट एकमेकांपासून लांब ठेवले. मग त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा लावल्या. जिंकणाऱ्याला बक्षीस, हरणाऱ्याला काहीच नाही. थोड्याच दिवसांत शिवीगाळ सुरू झाली. एकमेकांचे झेंडे जाळले गेले, रात्री एकमेकांच्या खोल्यांवर छापे पडले. ही कुठलीही वाया गेलेली पोरं नव्हती, चांगल्या घरातली साधी मुलं होती.

मग शेरीफ यांनी दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं. भांडण मिटलं नाही, उलट एकमेकांवर अन्न फेकलं गेलं. मग त्यांनी अशी कामं समोर आणली, जी एका गटाला एकट्याने जमणारच नव्हती. कॅम्पचं पाणी बंद पडलं आणि बिघाड सगळ्यांनी मिळून शोधावा लागला. जेवण आणणारा ट्रक बंद पडला आणि सगळ्यांनी मिळून तो दोरीने ओढला. हळूहळू तेढ कमी झाली. शेवटी मुलांनी स्वतःहूनच एका बसने घरी जायचं ठरवलं. वाटेत रॅटलर्सनी आपल्या बक्षिसाच्या पैशांतून सगळ्यांना थंड दूध पाजलं.

या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. आपल्यावर प्रयोग चाललाय हे मुलांना माहीतच नव्हतं आणि भांडण मुद्दाम पेटवलेलं होतं. आज असा प्रयोग करायची परवानगी मिळणार नाही. पण कॅम्प निवडणाऱ्या पालकांसाठी यात एक सरळ धडा आहे. मुलांना नुसतं एकत्र आणलं म्हणजे ती मिळूनमिसळून वागतील असं नाही. रोज ‘बेस्ट कॅम्पर’, रोज पहिला-दुसरा-तिसरा नंबर, असं चालणाऱ्या कॅम्पमध्ये मुलं जास्त करून एकमेकांना मागे टाकायला शिकतात. तेच मिळून तंबू उभारायचा असेल, चाळीस जणांची भेळ करायची असेल किंवा नाटक बसवायचं असेल, तर न आवडणाऱ्या मुलाचीही गरज पडते. मग त्याच्याशी बोलावं लागतं.

फायदा चौथा : शरीर आणि डोळे

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करायला हवी. याच संघटनेच्या पाहणीनुसार २०१६ मध्ये जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं इतकी हालचाल करत नव्हती. लगोरी, लंगडी आणि डबा ऐसपैस खेळणाऱ्या मुलाचा एक तास कधी होतो, हे त्यालाही कळत नाही.

डोळ्यांचं गणित अजून वेगळं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर एक अभ्यास झाला. निम्म्या शाळांमध्ये मुलांना रोज ४० मिनिटं जास्त घराबाहेर, मोकळ्यावर ठेवलं. तीन वर्षांनी या शाळांमध्ये ३०.४ टक्के मुलांना लांबचं कमी दिसण्याचा त्रास सुरू झाला होता. उरलेल्या शाळांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. म्हणजे बाहेरच्या उजेडाचा डोळ्यांना फायदा होतो. अर्थात, तो तीन वर्षांच्या सवयीचा फायदा आहे. दहा दिवसांच्या कॅम्पमुळे चष्म्याचा नंबर थांबणार नाही, पण बाहेर खेळायची गोडी लागली तर ती पुढे टिकू शकते. आणि एसी हॉलमध्ये भरणाऱ्या कॅम्पमधून हा फायदा मिळणारच नाही, हे उघड आहे.

मग कोणत्या दाव्यांना भुलू नये?

‘दहा दिवसांत तुमचा मुलगा लीडर बनेल’, ‘मेंदूचे दोन्ही भाग जागे होतील’, ‘सात दिवसांत फाडफाड इंग्रजी’. असं काही होत नसतं. कोणतंही कौशल्य यायला सराव लागतो. दहा दिवसांत पंचवीस गोष्टी म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम एक-दोन तास. मुलाला चव कळेल, ती कला येणार नाही. खरोखर काही शिकवायचं असेल, तर एकाच विषयाचं शिबिर निवडलेलं बरं. दहा दिवस फक्त पोहणं, फक्त नाटक किंवा फक्त मातीकाम.

आणि मूल आधीच वर्षभर क्लासच्या चक्रात पिळून निघालं असेल, तर त्याला काही दिवस नुसतं लोळूही द्या. कंटाळा आला की मुलं स्वतःच खेळ शोधतात.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा

सगळ्यात आधी सुरक्षितता. इथे संकोच करू नका. नीट उत्तर देणारा आयोजक प्रश्नांवर चिडत नाही.

– किती मुलांमागे एक मोठं माणूस असेल? ताई-दादा म्हणून येणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली आहे का? मुलींसोबत रात्री महिला असतील का?
– पोहणं, नदी किंवा समुद्र असेल तर प्रशिक्षित जीवरक्षक आणि लाइफ जॅकेट आहेत का? ‘पाणी कमरेएवढंच आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.
– ट्रेकिंग, रॅपलिंग, झिपलाइन असेल तर नोंदणी आहे का? राज्य सरकारने २०२१ मध्ये आणलेल्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीची कागदपत्रं बघायला मागा.
– दुपारी १२ ते ३ या वेळेत मुलं कुठे असतील? उन्हाच्या तडाख्यात ही वेळ सावलीतच जायला हवी. विदर्भात उन्हामुळेच शाळा राज्यातल्या इतर भागांपेक्षा उशिरा सुरू होतात. मग मे महिन्यातल्या दुपारी मैदानावर कॅम्प कशाला?
– जवळचा दवाखाना किती लांब आहे? ॲलर्जी, दमा, औषधं यांची माहिती लेखी घेतात का?
– दिवसभरात मुलांना मोकळा वेळ किती? वेळापत्रकात एकही रिकामा तास नसेल, तर तो कॅम्प मुलांपेक्षा पालकांना खूश करण्यासाठी आखलाय असं समजा.
– मुलांचे फोटो सोशल मीडियावर टाकण्याआधी परवानगी घेतात का?

मुलाशीही बोला. कुणी नको तिथे हात लावला, कुणी ‘हे घरी सांगू नकोस’ म्हटलं, तर लगेच घरी सांगायचं आणि आपण ओरडणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधात २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि तो मुलगे-मुली दोघांनाही लागू होतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलाला आणि तुम्हालाही पाठ हवा.

‘आई, मला घरी यायचंय’

पहिल्यांदा निवासी कॅम्पला गेलेल्या मुलाला घरची आठवण येणारच. ते अगदी नॉर्मल आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये यावर सल्ला दिला होता, तो आपल्यालाही लागू पडतो. कॅम्पला जायचं की नाही, या निर्णयात मुलाला सहभागी करा. आधी एक-दोन रात्री मावशीकडे किंवा आत्याकडे राहायची सवय करा. ‘आठवण आली की लगेच न्यायला येतो’ असं वचन देऊ नका. त्यामुळे मुलाचं लक्ष पहिल्या दिवसापासून फोनकडेच राहतं आणि ‘तुला जमेल’ यावर तुमचाच विश्वास नाही, असाही अर्थ त्यातून निघतो. आणि स्वतःचे पाणावलेले डोळे बस सुटेपर्यंत आवरा.

मात्र मूल जेवत नसेल, झोपत नसेल किंवा कशाला तरी घाबरलेलं वाटत असेल, तर तडक जाऊन घेऊन या. फीचे पैसे गेले तरी चालतील.

कॅम्प परवडत नसेल तर?

ज्या चार गोष्टींमुळे फायदा होतो, त्यातल्या एकीलाही पैसे लागत नाहीत. सोसायटीतली, वाडीतली किंवा गल्लीतली पाच-सहा कुटुंबं एकत्र आली तरी पुरे. प्रत्येक घरातल्या एका मोठ्या माणसाने आठवड्यातला एक दिवस वाटून घ्यायचा. एक दिवस आजोबांकडून विटीदांडू आणि सूरपारंबी शिकायची. एक दिवस मुलांना शंभर रुपये देऊन बाजारात पाठवायचं आणि त्यात सगळ्यांची भेळ करायला सांगायची. एक दिवस पोस्ट ऑफिस, सुताराचं दुकान किंवा गोठा बघायचा. एखाद्या रात्री गच्चीवर अंथरुणं टाकून उत्तरेच्या आकाशात सप्तर्षी शोधायचे, उन्हाळ्यात ते संध्याकाळनंतर छान दिसतात. नियम एकच, या वेळात मोबाईल बंद. मुलांचा आणि मोठ्यांचाही.

गावातलं सार्वजनिक वाचनालय, शाळेतलं स्काउट-गाइड पथक आणि सामाजिक संस्थांची शिबिरं यांचीही चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी फी नाममात्र असते.

आणि शेवटचं. मूल कॅम्पवरून परत आलं की ‘काय शिकलास?’, ‘कितवा नंबर आला?’ हे विचारायचा मोह होतो. त्याऐवजी ‘नवीन मित्र कोण झाले? भांडण कुणाशी झालं? मग ते मिटलं कसं?’ असं विचारून बघा. त्यावर मूल अर्धा तास न थांबता बोलत राहिलं, तर फी वसूल झाली असं समजा.